कोणी पाठवलं?

कामरगावच्या बसथांब्यापासून थोडं आत मिस्तरींचं दुकान होतं. विहिरीवरची मोटार जळाली की आजूबाजूच्या गावांतले शेतकरी ती उचलून त्यांच्याकडे आणत, आणि मिस्तरी आतली काळी पडलेली तार उपसून नवी भरून देत. दुकानाला पाटी नव्हती. दारात सावली पडली की ते मान वर न करता विचारायचे, "कोनं पाठोलं तुले?"

रामराम नाही, बस नाही, पाणी नाही. आधी हा प्रश्न. गिऱ्हाईक बिचारं बोलून जाई की अमक्या काकांनी पाठवलं, मोटार त्यांची आहे. "मंग त्यायलेच पाठो. मोटार कशी जयाली ते तुले काय ठाव?" संपलं. आणि कोणी म्हणालं की मोटार माझी, मीच घेऊन आलो, तर मिस्तरींचा चेहरा उजळायचा. हातातली कात्री खाली ठेवून ते स्वतः उठून स्टूल पुसायचे, आणि कान तुटलेल्या कपात चहा यायचा. तो कप फक्त आवडत्या माणसांसाठी होता. मला तो बरीच वर्षं मिळाला नाही.

आमच्या कामरगावात पंधरा-वीस ख्रिस्ती घरं आहेत. आम्ही जमतो ते एका खोलीचं प्रार्थनाघर, आणि जमणाऱ्या माणसांना आम्ही मंडळी म्हणतो. मिस्तरी त्या मंडळीचे वडील होते, म्हणजे कारभार पाहणारे ज्येष्ठ. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, महिन्यातून एकदा बाहेरून यायचे. बाकीचे रविवार मिस्तरींच्या अंगावर. उपदेश करायला उभे राहिले तरी खिशातून तारेचा तुकडा डोकावत असायचा आणि बोटांना वार्निशचा वास यायचा. उपदेश छोटा असे, कारण त्यांना लांब बोलता येत नसे. ते सगळ्यांच्या आधी स्वतःच कबूल करायचे.

प्रार्थना मात्र ते डोळे उघडे ठेवून करायचे. लहानपणी आम्हा पोरांना याची फार गंमत वाटे, कारण आम्हीही डोळे किलकिले करून बघत असू आणि नेमके त्यांच्या नजरेत सापडत असू. एकदा पाळकसाहेबांनी त्यांना हळूच समज दिली, तर म्हणाले, "साहेब, डोये मिटले तं कोन आलं नाही ते कसं दिसन?" पाळकसाहेबांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

मिस्तरींचं सगळं शास्त्र त्यांच्या मोटारीत होतं. दुकानात मोटार फिरली, आवाज बरोबर आला, की दुसरा कोणी माणूस ती गिऱ्हाइकाच्या हवाली करून मोकळा होईल. हे नाही. हे मोटारीबरोबर शेतात जायचे. इंझोरीच्या उत्तमभाऊंची मोटार भरली तेव्हा भर उन्हात त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून गेले, मोटार विहिरीवर चढवली, बटण दाबलं, आणि पाइपातून पाणी येईपर्यंत धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभे राहिले. पाणी आलं, ओंजळभर प्याले, मगच निघाले. उत्तमभाऊ म्हणाले, "मिस्तरी, एवढ्या उनात कायले आले? मी फोन करून सांगतलं असतं ना पानी आलं म्हनून." मिस्तरी म्हणाले, "फोनवर पानी पेता येते का?"

उत्तमभाऊ बौद्ध. त्यांच्या वडिलांच्या काळापासून मिस्तरींशी त्यांचा घरोबा. दोघं बसले की विहार आणि मंडळी यांच्या गप्पा रंगायच्या. एकदा उत्तमभाऊ सांगत होते, "आमच्या विहारात समिती झाली, बाप्पा. लायटिंग झालं, माइक आला, फरशी बसली. पन सांजच्या वंदनेले चार डोके. पह्यले काहीच नव्हतं तवा अंगन भरे." मिस्तरी कितीतरी वेळ तारेचे वेढे मोजत राहिले. मग म्हणाले, "समितीले वाटलं, लोकं वंदना करतात. लोकायले वाटलं, समिती करते."

हे मी तेव्हा त्याच दुकानात बसून ऐकलं होतं आणि हसलोही होतो. पण त्याच वर्षी मी स्वतः एका संस्थेचा सचिव झालो होतो.

मी वाशीमला शाळेत शिकवतो. आमच्यासारख्या नोकरदार ख्रिस्ती लोकांनी मिळून ती सेवा संस्था काढली. तिचं नाव इतकं लांब होतं की शिक्क्यात मावत नव्हतं. मला ठराव लिहिण्याची, रकाने आखण्याची मोठी हौस. संस्थेनं चांगली कामं केली, हे आजही छाती पुढे काढून सांगतो. आजाऱ्यांसाठी खाटा दिल्या, चाकाच्या खुर्च्या दिल्या, दवाखान्यात न्यायला गाडी ठेवली. कामरगावच्या प्रार्थनाघराला प्लास्टिकच्या नव्या खुर्च्या दिल्या, आणि प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर संस्थेचं ते लांबलचक नाव छापून घेतलं.

पुढच्या रविवारी गेलो तर सगळ्या खुर्च्यांच्या पाठी कोऱ्या. मिस्तरींनी तार खरवडायच्या पात्यानं एकेक नाव घासून काढलं होतं. मी चिडलो. ते शांतपणे म्हणाले, "नाव राह्यलं असतं तं लोकं म्हनले असते, संस्थेच्या खुर्चीवर बसलो. प्रार्थनेले आलो, हे इसरले असते." मी वाशीमला जाऊन अध्यक्षांना सांगितलं की छपाई कच्ची होती.

आता आमच्या मंडळीतली एक रीत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच उभं आहे. रविवारी प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीला, एका घरून बिनखमिराची भाकर येते. ती मोडून सगळे खातात. जे आजारी आहेत, अंथरुणाला खिळले आहेत, त्यांचा वाटा झाकणाच्या वाटीत ठेवून घरी नेतात. कोणी न्यायचा ते पाळीनं ठरतं आणि नावं फळ्यावर खडूनं लिहिलेली असतात. ज्याची पाळी, त्यानं त्या दिवशी प्रार्थनाघरात खायचं नाही. आपला तुकडा त्याच वाटीत ठेवायचा, आजाऱ्याच्या खाटेशी बसायचं आणि दोघांनी मिळून खायचं. ही रीत कोणत्या पुस्तकात नाही. मिस्तरींच्याही आधीपासूनची आहे, पण त्यांनी ती जिवापाड सांभाळली.

माझ्या आईला लकवा झाला आणि तिची उजवी बाजू गेली. ती कामरगावला माझ्या धाकट्या भावाकडे राहायची. भाऊ आणि त्याची बायको वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर लावतात. रविवारी कुठला ना कुठला बाजार असतो, म्हणून दोघं पहाटेच भाजी घेऊन निघून जात. दुपारपर्यंत आई एकटी. मी तिला वाशीमला चल म्हणालो, तर म्हणाली, "तिथं मले कोन ओयखते?" तिची रविवारची आस एकच होती. प्रार्थना सुटली की कोणीतरी वाटी घेऊन येईल, बसेल, मंडळीतल्या चार गोष्टी सांगेल.

एकदा लागोपाठ दोन रविवार कोणीच आलं नाही. आईनं फोनवर तक्रार केली नाही. एवढंच म्हणाली, "लोकायलेबी कामं असतात." माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, असली फळ्यावरची पाळी काय कामाची, याला व्यवस्था पाहिजे. आणि व्यवस्था म्हणजे मीच! पंधरवड्यात मी 'घरभेट विभाग' उभा केला. दानियल नावाचा आमचा एक पगारी कार्यकर्ता होता. चाळिशीचा, कष्टाळू, मनाचा सरळ. त्याला मोटारसायकल दिली, वही दिली. आणि शहरातून बंद डब्या मागवल्या. बोटभर उंचीची प्लास्टिकची डबी, तळाशी द्राक्षाचा रस, वर पातळ पापडीएवढी भाकर, त्यावर चिकटवलेला कागद. खराब होत नाही, सांडत नाही. एका रविवारी बारा गावं. मला स्वतःचाच अभिमान वाटत होता.

मंडळीची बैठक घेऊन मी ही योजना मांडली. सगळ्यांना सोयीची वाटली. मिस्तरी उठले.

"गाडी आना. खाट आना. गोया-औषद आना. त्याले मी कधी नाही म्हनलं का? पन भाकर, प्रार्थना आन मयताची माती, हे तीन कामं मंडळीच्या हातातून काढू नका."

मी म्हणालो, "काका, काढतंय कोण? संस्था म्हणजे आपणच ना?"

"आपनच असतो, तं आपनच गेलो असतो."

लोक हसले. मला झोंबलं. मी म्हणालो, "दोन रविवार माझी आई वाट पाहत बसली. तेव्हा कुठं होती तुमची मंडळी?"

मिस्तरींनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. मग खाली पाहत म्हणाले, "प्रभूनं मंडळीले सांगतलं. मंडळी संस्थेले सांगन. संस्था दानियलले सांगन. दानियल दरवाज्यातून डबी देईन. मंग सांगतलेलं काम करन कोन?" पण आवाजात पहिला जोर राहिला नव्हता. हात वर झाले, योजना मंजूर झाली. शिवाय मी मंडळीला एक पत्रही दिलं, की यापुढे कोणी स्वतंत्रपणे वाटी नेऊ नये, दोनदा भेटी झाल्या तर नोंदीत गोंधळ होतो. मिस्तरींनी ते पत्र घडी करून शास्त्रात, म्हणजे त्यांच्या बायबलात, ठेवलं. म्हणाले, "मंडळीनं ठरोलं. मी काही मंडळीच्या बाहीरचा नाही."

त्यानंतर दर महिन्याला वही माझ्या टेबलावर यायची. आईच्या नावापुढे दर रविवारी दानियलची सही आणि 'दिले' असा शेरा. एक रविवार चुकला नाही. मी निर्धास्त झालो. इतका, की माझं कामरगावला जाणंही कमी झालं. रविवारी संस्थेच्या बैठका असत ना.

मग शाळेला जोडून सुट्टी आली आणि एका शुक्रवारी मी घरी गेलो. आईच्या गोळ्यांची चिठ्ठी सापडेना म्हणून फळीवरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. उघडला तर आत बंद डब्या. ओळीनं रचलेल्या. एकीचाही कागद सोललेला नव्हता. मी मोजल्या, अकरा होत्या.

मला आधी वाटलं, तिला डाव्या हातानं कागद निघत नसेल. म्हणालो, "आई, दानियलला सांगायचं ना, तो उघडून देईल."

"तो देते म्हने उघडून," आई म्हणाली. लकव्यानं तिचे शब्द जड झाले होते, पण कळायचे. "मीच नाही म्हनलं. त्याले पुढं जाच असते."

"मग खाल्लं का नाहीस?"

"एकटीनं कशी खाऊ बाप्पा? जेवन व्हय ते. औषद नव्हे."

मी डबा घेऊन तिच्या खाटेशी बसलो. अकरा रविवार माझी आई प्रभूच्या मेजावरून उपाशी होती, आणि माझ्या वहीत अकरा सह्या होत्या. आई डाव्या हातानं माझ्या पाठीवर थोपटत होती. "तुह्या हौशीचं काम होतं. म्हनून बोलली नाही. मिस्तरीबुवालेबी शपथ घातली होती."

म्हणजे मिस्तरींना माहीत होतं! मी तसाच चपला घालून दुकानात गेलो. ते वेढे मोजत होते. त्यांचे वेढे मोजून होईपर्यंत जगात कोणाला काही बोलता येत नसे. मी उभा राहिलो. शेवटी त्यांनी गाठ मारली.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं. बुधवारी जात असतो मी तिच्याकडं. रिकाम्या हातानं. तसं जाले तुह्या पत्रात मनाई नव्हती."

"मग मला सांगितलं का नाही?"

"शपथ होती. आन खरं सांगू? मलेबी पाहाचं होतं, तू कवा येतं."

मी रडकुंडीला आलो होतो. म्हणालो, "काका, चुकलं माझं. या रविवारी तुम्ही वाटी घेऊन जा. मी पत्र मागे घेतो."

"माही पाळी नाही."

"मग कोणाची आहे?"

"तुही. फया पाह्यला का कधी?"

माझी नोकरी वाशीमला लागली त्याला वीस वर्षं झाली. माझं नाव फळ्यावर अजून असेल, हे मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मिस्तरींनी ते कधी पुसलंच नव्हतं. माझी पाळी आली की ते स्वतः जाऊन यायचे आणि कोणाला सांगायचे नाहीत. आईला वाटे, मिस्तरींची पाळी जरा जास्तच येते.

"ते दोन रविवार कोनी गेलं नाही म्हनतं ना तू," ते म्हणाले, "त्यातला पह्यला तुहा होता. माह्या डोयाचं आपरेशन झालं होतं, पट्टी होती. म्हनून तुह्या पाळीले जाता आलं नाही."

"आणि दुसरा?"

"दुसरा माहा. पट्टी तवाबी होतीच. कोनाले तरी सांगाले पाह्यजे होतं, सांगतलं नाही. ते चूक माही."

म्हणजे ज्या दोन रविवारांवरून मी भर बैठकीत मंडळीचा हिशेब मागितला, त्यातला पहिला माझाच होता. हे त्यांना तेव्हाही माहीत होतं. एक वाक्य बोलले असते तर माझी योजना तिथंच आडवी झाली असती. पण तोंड उघडून त्यांनी ते मिटलं, कारण वीस-पंचवीस माणसांसमोर माझी मान खाली गेली असती. माझ्यासाठी हा माणूस हरला आणि घरी गेला. इतकी माया मला परक्या माणसाकडून मिळाली, याचं आजही नवल वाटतं.

मिस्तरी उठले, स्टूल पुसलं आणि कान तुटलेल्या कपात चहा ओतला.

त्या रविवारी मी आमच्या प्रार्थनाघरात बसलो. भाकर फिरली. सगळ्यांनी खाल्ली, मी माझा तुकडा वाटीत ठेवला. मिस्तरी प्रार्थना करत होते, डोळे उघडे, आणि ते माझ्याकडेच बघत होते. वाटीवर झाकण ठेवून मी घरापर्यंत चालत गेलो. दहा मिनिटांची वाट, पण हातात दोघांचं जेवण असलं की पाय जपून पडतात.

मी झाकण काढलं. आईनं आधी वाटीत पाहिलं. दोन तुकडे दिसले. मग माझ्याकडे पाहिलं. "तू नाही खाल्लं?" "नाही," मी म्हणालो. "मंग ये, बस," ती म्हणाली. मी प्रार्थना केली. दुसऱ्यांसाठी प्रार्थनेचे नमुने छापून देणारा मी, आईजवळ बसून मला चार वाक्यं धड जुळवता येईनात. तिनं डाव्या हातानं तुकडा तोंडात घातला आणि हळूहळू चघळला. ओठाच्या कोपऱ्यातून कण पडला तो मी उचलला. त्यानंतर ती मला मंडळीच्या चार गोष्टी विचारत बसली, कोण आलं होतं, कोण नव्हतं, आणि भाऊ बाजारातून परत येईपर्यंत मी सांगत राहिलो.

वाशीमला परतल्यावर मी आयुष्यातला सर्वांत लहान ठराव लिहिला. 'घरभेट विभाग बंद करण्यात येत आहे.' कारणं लिहिली नाहीत. दानियल आता दवाखान्याची गाडी चालवतो आणि मला म्हणतो की सर, वहीपेक्षा हे बरं. त्या अकरा डब्यांपैकी एक अजून माझ्या टेबलावर आहे, न उघडलेली. कोणी विचारलं तर मी ही गोष्ट सांगतो.

आई त्यानंतर दोन हिवाळे जगली. फळ्यावर माझी पाळी आली की मी हजर असे, आणि पुढे पुढे पाळी नसतानाही जाऊ लागलो. तिची माती मंडळीनं केली. खड्डा मंडळीतल्या माणसांनी खणला. त्यांच्याबरोबर इंझोरीहून आलेले उत्तमभाऊही होते, मिस्तरींनी मागितली तरी त्यांनी हातातली कुदळ सोडली नाही. दवाखान्यातून आईला घरी आणणारी गाडी मात्र संस्थेची होती, आणि मिस्तरींनी त्या गाडीच्या दारावर हात ठेवून दानियलला म्हटलं, "हे चांगलं काम केलं तुमी." संस्थेला त्यांच्याकडून मिळालेलं ते एकमेव प्रशस्तिपत्र.

मिस्तरी गेले त्याला आता वर्ष होत आलं. शेवटी एका विहिरीवर मोटार चढवताना पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. खाटेला खिळले. मुलगी जवळ होती, काही कमी नव्हतं. फळ्यावर आजाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव आलं. ते त्यांनी स्वतः सांगून लिहवून घेतलं, आणि पाळीच्या यादीतलं नाव पुसू दिलं नाही. त्यांच्या पाळीला कोण जात होतं, ते मी सांगत नाही.

त्यांच्याकडे वाटी घेऊन गेलो तो पहिला रविवार मला आठवतो. पाळी माझी नव्हती. ज्याची होती त्याला मी विनवून आलो होतो. खोलीत वार्निशचा वास नव्हता, तेवढं चुकल्यासारखं वाटलं. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. दारात माझी सावली पडली. त्यांनी मान वळवली नाही.

"कोनं पाठोलं तुले?"

वाटेत मी बरीच उत्तरं मनात घोळवली होती. मंडळीनं, पाळीनं, आईनं. त्या क्षणी त्यातलं एकही खरं वाटेना.

"कोनंच नाही, काका," मी म्हणालो. "मीच आलो."

त्यांनी हळूच मान माझ्याकडे वळवली, मी झाकण काढून पुढे केलेल्या वाटीत दोन तुकडे आहेत का ते पाहिलं, आणि खाटेच्या कडेला हातानं जागा करून दिली.

"मंग बस."